घरच्या खोलीत इलेक्ट्रिक गिटार: आधी एक माइक, मग दुसरा

दहा बाय बाराची खोली, खाली टाइल्स, एका भिंतीला लोखंडी कपाट, पंधरा वॅटचा कॉम्बो अँप (अँप्लिफायर आणि स्पीकर एकाच पेटीत) आणि दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी). इंदिरानगर असो की गंगापूर रोड, नाशिकमध्ये घरी गिटार रेकॉर्ड करणाऱ्या अनेकांची मांडणी साधारण अशीच असते. इनपुट दोन आहेत म्हणून पहिल्याच दिवशी माइकही दोन लागतात, आणि आवाज येतो पातळ, पोकळ, नाकातून बोलल्यासारखा. मग इक्वलायझर फिरवण्यात रात्र जाते. खरं तर बिघाड झालेला असतो तो दोन माइकच्या अंतरात पडलेल्या चार-पाच सेंटिमीटरच्या फरकामुळे. म्हणून या कामात मोजपट्टी आधी हातात घ्यायची, इक्वलायझर सगळ्यात शेवटी.

अँप कुठे ठेवायचा

खोलीची एक बाजू १० फूट, म्हणजे ३.०५ मीटर. २० अंश सेल्सिअसला आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. या हिशेबाने समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये पहिला अनुनाद ५६ हर्ट्झला येतो आणि दुसरा ११२ हर्ट्झला. गिटारची पाचवी तार, म्हणजे ए, मोकळी छेडली की ११० हर्ट्झ. छतही १० फुटांच्या आसपास असेल तर त्याच आकड्यावर आणखी भर पडते. अशा खोलीत ए कॉर्ड घुमते आणि शेजारची डी शांत वाटते, त्याचं कारण हे. दोष गिटारचा नाही, अँपचाही नाही.

या दुसऱ्या अनुनादाचा दाब भिंतीपासून पाव अंतरावर सगळ्यात कमी असतो. म्हणून १० फुटांच्या मापात स्पीकरचा मध्य बाजूच्या भिंतीपासून अडीच फुटांवर घ्या, आणि जमिनीपासूनही अडीच फुटांच्या जवळपास उचला. कोपरा टाळाच, कोपऱ्यात खोलीचे सगळे अनुनाद एकदम जागे होतात. अँप उचलायला द्राक्ष-टोमॅटोचे प्लास्टिक क्रेट उत्तम. आपल्या जिल्ह्यात ते कुठेही मिळतात आणि भार सहज पेलतात. मात्र रिकामा क्रेट स्वतः खडखडतो, म्हणून अँप आणि क्रेटच्या मध्ये चार पदरी घडी केलेली गोधडी हवी. लोखंडी कपाटाची दारं, भिंतीवरची फ्रेम, खिडकीच्या स्लायडिंगच्या काचा यांचीही थरथर आधीच शोधून ठेवा. सहाव्या तारेपासून वर एकेक फ्रेट चढत सावकाश वाजवा. ज्या सुराला काही थरथरेल तिथे कागदाची घडी खुपसा.

आवाजाची पातळी ठरवताना एक गोष्ट लक्षात ठेवा. १२ इंची गिटार स्पीकर फक्त १ वॅटवर, १ मीटर अंतरावर, ९७ ते १०० डेसिबल देतो. ५० वॅटच्या अँपऐवजी ५ वॅटचा घेतला तरी पूर्ण जोरावर फरक पडतो १० डेसिबलचाच. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. म्हणजे ‘छोटा अँप आहे, चालेल’ असं समजून रात्री वाजवू नका. सकाळी साडेदहा ते एक ही वेळ सोसायटीत बरी: लोक कामावर गेलेले असतात आणि दुपारची वामकुक्षी अजून सुरू झालेली नसते.

आधी एकच माइक

पहिला माइक डायनॅमिक घ्या. शुअर एसएम५७ हा १९६५ पासून या कामात आहे आणि आजही पहिली निवड तोच. तो ४० ते १५,००० हर्ट्झ पकडतो, ५-६ हजार हर्ट्झच्या आसपास थोडा उचलून देतो, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात गिटारच्या पिकचा आघात असतो. खूप जोरात वाजलं तरी तो फाटत नाही, फँटम पॉवर (केबलमधूनच माइकला दिली जाणारी वीज) लागत नाही, मागून येणारा पंख्याचा आवाज बऱ्यापैकी नाकारतो. याच्या नकला बाजारात भरपूर आहेत. खऱ्या माइकचं वजन २८४ ग्रॅम असतं. किंमत निम्मी आणि वजन हलकं असेल तर घेऊ नका; अधिकृत विक्रेत्याकडून बिलासहित घ्या.

स्टँडला जागा नसेल तर सेनहायझरचे ई६०९ किंवा ई९०६ हे चपटे माइक सोयीचे. ते केबलनेच अँपवरून खाली लटकवता येतात, कारण त्यांचं तोंड बाजूला असतं. ई९०६ वर तीन टप्प्यांचं बटण आहे: उजळ, सरळ आणि गडद. लटकवलेला माइक हळूहळू फिरतो, मात्र हे विसरू नका. मास्किंग टेपने केबल वरच्या हँडलला चिकटवा, नाहीतर तिसऱ्या टेकला आवाज पहिल्या टेकशी जुळत नाही.

आता जागा. जाळीच्या कापडावर टॉर्च तिरका धरला की आत स्पीकरचा कागदी कोन आणि मध्यावरची गोल टोपी दिसते. टोपीचा मध्य, टोपीची कड आणि कोनाचा अर्धा भाग अशा तीन ठिकाणी कापडावर मास्किंग टेपचे बारीक तुकडे लावा. टोपीच्या मध्यावर आवाज सगळ्यात टोकदार आणि कानाला बोचरा. कडेकडे सरकत गेलात की वरचे सूर मवाळ होतात आणि अंग भरतं. सुरुवात टोपी आणि कोन जिथे जुळतात त्या रेषेवर करा, कापडापासून २.५ सेंटिमीटरवर, माइक स्पीकरला अगदी काटकोनात. तिथून एका वेळी फक्त १ सेंटिमीटर आडवं सरका. दोन सेंटिमीटर सरकल्यावर आवाजात जेवढा बदल होतो तेवढा अँपवरच्या ट्रेबलच्या नॉबनेही कित्येकदा होत नाही.

अंतराचा परिणाम वेगळा. दिशा पाळणारा माइक स्पीकरच्या जवळ गेला की खालचे सूर फुगतात. तुटक, दाबून वाजवलेल्या रिफमध्ये गढूळपणा आला तर माइक ५ ते ८ सेंटिमीटर मागे घ्या. अँपचा बास कमी करण्याआधी हे करून पाहा, कारण अँपचा बास कमी केला की डिस्टॉर्शनचा पोतही बदलतो.

एकट्याने काम करताना अडचण होते ती हातांची: वाजवायचं कोणी आणि माइक हलवायचा कोणी? लूपर पेडल असेल तर आठ मात्रांचा रिफ भरून तो अँपमधून फिरत ठेवा, कानावर बंद पाठीचे हेडफोन चढवा आणि माइक हलवा. लूपर नसेल तर गिटारची केबल काढून अँपचा गेन वाढवा. नुसती जी सरसर ऐकू येते तिच्यावरही माइकची जागा कळते: सरसर जिथे सगळ्यात टोकदार, तिथे टोपीचा मध्य. हे करताना हेडफोनचा आवाज अगदी कमी ठेवा. चुकून केबल टोचली गेली तर कानाला इजा होईल.

इंटरफेसवर २४ बिट निवडा आणि सगळ्यात जोराच्या कॉर्डला मीटर उणे १० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. सरासरी उणे १८ च्या आसपास राहिली की पुरे. लाल दिव्याच्या काठावर रेकॉर्ड करण्याची गरज टेपच्या काळात होती.

एका माइकवर अर्धा तास देऊनही आवाज आवडत नसेल, तर कारण अँपच्या सेटिंगमध्ये, जुन्या तारांमध्ये किंवा स्पीकरमध्ये आहे. ते आधी दुरुस्त करा. तोवर दुसरा माइक पेटीतच राहू द्या.

दुसरा माइक कशासाठी

पहिल्या माइकचं रेकॉर्डिंग गाण्यात बसवून ऐका आणि कागदावर एकच वाक्य लिहा: यात काय कमी आहे? दुसरा माइक त्या उत्तरावरून निवडायचा.

अंग कमी असेल, वरचा भाग बोचत असेल, तर रिबन. रिबन माइकमध्ये अ‍ॅल्युमिनियमची अतिशय पातळ पट्टी चुंबकाच्या मध्ये टांगलेली असते. वरचे सूर ती मवाळ उतरते आणि मधला भाग भरीव देते. एसएम५७ आणि १९९८ साली आलेला रॉयर आर-१२१ ही जोडी स्टुडिओंत इतकी रुळली, ती एकाची उणीव दुसरा भरतो म्हणूनच. बायरडायनॅमिकचा एम१६० हाही रिबनच, पण तो मागचा आवाज बराच कमी घेतो, त्यामुळे लहान खोलीत जास्त उपयोगी. आर-१२१ सारखे बहुतेक रिबन पुढून आणि मागून सारखंच ऐकतात. मागे दोन फुटांवर उघडी भिंत असेल तर ती भिंतही रेकॉर्ड होते. मागे कापसाची जाड गादी उभी करा; पातळ सतरंजीने फक्त वरचे सूर थांबतात. माइकच्या दोन्ही कुशी मात्र जवळजवळ बहिऱ्या असतात, त्या खिडकीकडे वळवा.

रिबनला जपावं लागतं. त्यावर फुंकर मारायची नाही. हवेचा झोत सरळ पट्टीवर येऊ नये म्हणून स्पीकरपासून १५ ते २० सेंटिमीटर दूर ठेवायचा. साध्या, बॅटरी-वीज न लागणाऱ्या रिबनसाठी ४८ व्होल्टची फँटम पॉवर बंद हवी. केबल नीट असेल तर फँटमने सहसा काही होत नाही, पण आत एक तार चुकीची जोडलेली असेल तर पट्टी ताणली जाते. अनेक स्वस्त इंटरफेसवर दोन्ही इनपुटला फँटमचं एकच बटण असतं, म्हणून असा रिबन आणि कंडेन्सर (फँटम पॉवरवर चालणारा संवेदनशील माइक) एकत्र लावण्याआधी हे तपासा. रिबनचा सिग्नलही कमकुवत असतो. हळू वाजवलं तर गेन टोकाला न्यावा लागतो आणि प्रीअँपची सरसर वर येते.

बारकावा कमी असेल, क्लीन कॉर्डमधल्या तारा सुट्या ऐकू येत नसतील, तर कंडेन्सर. घरात आधीच गायनासाठी घेतलेला ऑडिओ-टेक्निका एटी२०२० किंवा रोडचा एनटी१ असेल तर तोच वापरा. अँपजवळ ठेवायचा असेल आणि माइकवर पॅडचं (सिग्नल कमी करणारं) बटण असेल तर १० डेसिबलचा पॅड लावा. मात्र भरघोस डिस्टॉर्शनवर कंडेन्सर बहुधा नकोसा होतो. ७-८ हजार हर्ट्झच्या वरची किरकिर तो प्रामाणिकपणे पकडतो.

दुसरा माइक विकत घ्यायचा नसेल तर दुसरा एसएम५७ मागून आणा. गोथेनबर्गच्या स्टुडिओ फ्रेडमनच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत दोन ५७ चीच आहे: एक टोपीवर सरळ, दुसरा त्याला खेटून सुमारे ४५ ते ५५ अंशांत तिरका. तिरक्या माइकमुळे वरची धार उतरते आणि दोघांची तोंडं जवळजवळ एकाच जागी असल्याने अंतराचा घोळ फारसा होत नाही. भारी डिस्टॉर्शनसाठी ही जोडी स्वस्त आणि खात्रीची.

अंतर जुळवणं

एकच आवाज दोन माइककडे वेगवेगळ्या वेळी पोचला की काही सूर एकमेकांना खोडतात. पहिला खड्डा कुठे पडेल हे साध्या भागाकाराने कळतं: ३४३ ला अंतराच्या फरकाच्या दुपटीने भागा, फरक मीटरमध्ये घेऊन. फरक ५ सेंटिमीटर असेल तर खड्डा ३,४३० हर्ट्झला, म्हणजे गिटारच्या उठावावरच. १० सेंटिमीटरला १,७१५, म्हणजे मधोमध. ३० सेंटिमीटरला ५७२, तिथे गिटारचं अंगच जातं. आणि एकच खड्डा पडून थांबत नाही, त्याच्या तिप्पट, पाचपट असे पुढे पडत जातात. एक-दोन सेंटिमीटरचा फरक मात्र सहसा चालून जातो, कारण १ सेंटिमीटरचा खड्डा १७ हजारांच्या पलीकडे पडतो आणि तिथे गिटार स्पीकर काहीच देत नाही.

‘तीनास एक’ असा नियम इथे काही जण सांगतात. दोन माइकमधलं अंतर माइक आणि वाद्यातल्या अंतराच्या तिप्पट ठेवा, असा तो. तो दोन वेगवेगळ्या वाद्यांसमोरच्या दोन माइकसाठी आहे. एकाच स्पीकरसमोर तो लावलात तर नुकसानच.

मोजायचं ते माइकच्या जाळीपासून नाही, आतल्या कॅप्सूलपासून. एसएम५७ मध्ये ती तोंडाशीच असते. मोठ्या कंडेन्सरमध्ये जाळीच्या आत दोन-तीन सेंटिमीटर. जाळ्या ओळीत दिसल्या की मांडणी बरोबर वाटते, पण आतले पडदे ओळीत नसतात.

नेमकी जागा कानाने शोधायची. दोन्ही माइकचे गेन असे ठेवा की एकेकटे ऐकताना दोन्ही सारख्याच जोराचे वाटतील. दोन्ही ट्रॅक मध्यावर आणा आणि सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्याची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करा. गोलावर तिरकी रेघ असलेलं बटण ते. आता लूपर चालू ठेवून दुसरा माइक अर्धा अर्धा सेंटिमीटर पुढे-मागे करा आणि आवाज जिथे सगळ्यात पातळ, मरतुकडा होतो ती जागा धरा. स्टँड घट्ट आवळा, पोलॅरिटी परत सरळ करा. जिथे दोघं एकमेकांना सर्वाधिक खोडत होते, तिथेच ते सर्वाधिक साथ देतात. उलटं शोधण्याचं कारण असं की ‘सगळ्यात भरीव’ जागेपेक्षा ‘सगळ्यात पोकळ’ जागा कानाला फार चटकन सापडते.

रिबनला १५ सेंटिमीटर हवेत आणि ५७ स्पीकरच्या जवळच हवा, असा पेच नेहमी येतो. अशा वेळी ५७ ही मागे घेऊन १२-१५ सेंटिमीटरवर न्या, किंवा रेकॉर्डिंगनंतर जवळच्या माइकचा ट्रॅक थोडा उशिरा सुरू होईल असा सरकवा. ४८ किलोहर्ट्झला एक सँपल (डिजिटल आवाजातली एक नोंद) म्हणजे ७.१ मिलिमीटर, ४४.१ ला ७.८. १० सेंटिमीटरच्या फरकाला ४८ वर १४ सँपल. त्यासाठी रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तारा हाताने दाबून एक कोरडा ठोका वाजवून ठेवा. ट्रॅक मोठा करून पाहिला की दोन्हीकडची पहिली उसळी स्पष्ट दिसते. एक वर आणि दुसरी खाली गेली असेल तर कुठेतरी पोलॅरिटी उलटी आहे: केबलमध्ये दुसरी-तिसरी पिन अदलाबदल झाली आहे, रिबनची मागची बाजू पुढे आली आहे, किंवा माइक उघड्या पाठीच्या अँपमागे आहे. अँपमागच्या माइकला पोलॅरिटी उलटवणं हे ठरलेलंच. डोळ्यांनी तंतोतंत जुळवल्यावरही दोन सँपल इकडे-तिकडे करून ऐका. प्रत्येक माइक निरनिराळ्या सुरांना निरनिराळा उशीर लावतो, म्हणून पडद्यावर जुळलेलं कानाला दर वेळी सर्वोत्तम लागतंच असं नाही.

खोलीचा माइक म्हणून कंडेन्सर मीटर-दीड मीटरवर ठेवलात तर तो मात्र जुळवू नका. त्याचा तीन-चार मिलिसेकंदांचा उशीर म्हणजेच खोलीची जाणीव. इथे फरशीचा धोका आहे: माइक ६० सेंटिमीटरवर असून स्पीकर आणि माइक दोन्ही जमिनीपासून ४० सेंटिमीटर उंच असतील, तर फरशीवरून परतणारा आवाज ४० सेंटिमीटर जास्त चालून येतो आणि ४३० हर्ट्झला खड्डा पाडतो. मधल्या फरशीवर गादी आडवी टाका.

मिसळणं

मुख्य माइक कोणता हे ठरवा आणि तो जागेवर ठेवून दुसरा शून्यापासून वर आणा. बहुतेक वेळा दुसरा ६ ते १० डेसिबल खालीच पुरतो. दोन्ही सारखे ठेवले की कोणाचंच व्यक्तिमत्त्व उरत नाही.

इथे कान हमखास फसतो. दोन जुळलेले, सारख्या पातळीचे ट्रॅक एकत्र झाले की आवाज ६ डेसिबलने वाढतो, आणि जास्त जोराचा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. म्हणून दोन्ही ट्रॅक एका ग्रुपमध्ये पाठवा, दुसरा माइक चालू-बंद करताना ग्रुपची पातळी तेवढी कमी-जास्त करून सारखी ठेवा, मग निर्णय घ्या. सारख्या पातळीवर दुसऱ्या माइकने काही भर पडत नसेल तर तो ट्रॅक बिनधास्त काढून टाका.

इक्वलायझर लावायचा तो ग्रुपवर. ८० हर्ट्झचा तीव्र हाय-पास (त्याखालचे सूर कापणारा फिल्टर) एकाच ट्रॅकवर लावला तर त्या ट्रॅकचा फेज, म्हणजे लहरीची वेळ, सरकतो आणि मोजपट्टीने जुळवलेलं अंतर पुन्हा बिघडतं. एका टेकचे दोन माइक डावी-उजवीकडे फेकून रुंदी आणायचा प्रयत्नही करू नका. मोबाइलच्या एका स्पीकरवर ते पोकळ ऐकू येईल. रुंदी हवी तर तोच भाग दुसऱ्यांदा वाजवा.

गुणगुण आणि बाहेरचे आवाज

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. गिटार हातात घेऊन जागीच फिरलात आणि गुणगुण कमी-जास्त झाली तर ती सिंगल कॉइल पिकअपची. कमीत कमी असेल त्या दिशेला बसून वाजवा. १०० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतली करकर बहुधा डिमरची, पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची किंवा वीज गेल्यावर चालणाऱ्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरची असते. पंखा पूर्ण बंद करा. गुणगुण घालवण्यासाठी अँपची अर्थिंगची पिन कधीही तोडू नका किंवा दोन पिनांच्या अडॉप्टरमध्ये खुपसू नका. दोष निर्माण झाला तर तारांना हात लावताच शॉक बसेल आणि तो जिवावर बेतू शकतो.

गणपतीच्या आधीचे काही आठवडे संध्याकाळी ढोल पथकांचा सराव असतो. नाशिक ढोलाचा ठेका दोन गल्ल्या ओलांडून खिडकीतून येतो. स्पीकरला चिकटलेल्या डायनॅमिकला त्याचा त्रास नाही, पण दीड मीटरवरच्या कंडेन्सरवर तो स्पष्ट उमटतो. देवळाली भागात तोफखान्याच्या सरावाचे धमाके, ओझरकडे विमानं, यांचंही तसंच. अशा दिवशी दूरचा माइक विसरा, दोन्ही माइक १५ सेंटिमीटरच्या आत ठेवा.

जागा सापडली की फोटो काढा, कापडावरचा टेप तसाच राहू द्या, स्टँडच्या पायांभोवती खडूने खुणा करा आणि वहीत कापडापासूनचं अंतर, कोन, गेनच्या नॉबची स्थिती, अँपचे सगळे आकडे लिहा. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत कंडेन्सर आणि रिबन घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पुड्यांचा रंग बदलला की त्या वाळवा. रिबन उभाच ठेवायचा, आडवा ठेवला तर पट्टी कालांतराने ओघळते. आणि डब्यात ठेवण्याआधी माइकवर पिशवी चढवा ती सावकाश, कारण झटक्याने ओढलेल्या पिशवीतली हवाही त्या पट्टीला ताणायला पुरते.